नेम चुकतो तो कोठे?
पिस्तुलाच्या नेमबाजीतील निदानशास्त्राचा परिचय

लक्षण म्हणजे रोग नव्हे, हा धडा वैद्यकाच्या विद्यार्थ्याला पहिल्या काही वर्षांतच मिळतो आणि पुढे आयुष्यभर त्याची उजळणी चालू राहते. ताप हे लक्षण. त्यामागे हिवताप, विषमज्वर, क्षय किंवा साधी सर्दी यांपैकी काहीही असू शकते. कारण न शोधता तापाची गोळी दिली तर पारा उतरतो, पण रोग आत तसाच राहतो. नेमके हेच सूत्र एका अगदी निराळ्या क्षेत्राला लागू पडते. पिस्तुलाची गोळी नेम धरलेल्या ठिकाणी न लागता दुसरीकडेच लागते, हेही केवळ लक्षण आहे. दोष पिस्तुलाचा, छर्‍याचा, डोळ्याचा, बोटाचा की मनाचा, हे ठरविल्याशिवाय उपाय करणे म्हणजे निदानाआधी औषध देणे होय.

हा विषय स्मरणिकेसाठी निवडण्यास एक व्यावहारिक कारण आहे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत नेमबाजी मध्यमवर्गीय घरांत शिरली. आपल्या इंदूरच्या शेजारी महू येथे भारतीय सैन्याचे आर्मी मार्क्समनशिप युनिट आहे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात रौप्यपदक मिळविणारे विजय कुमार तेथेच घडले. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले. मनू भाकर यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये दोन कांस्यपदके मिळविली, आणि त्याच स्पर्धेत कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांना रायफल प्रकारात कांस्यपदक मिळाले. साहजिकच आपल्या समाजातील अनेक मुलेमुली आज दहा मीटरच्या एअर पिस्तुलावर हात बसवीत आहेत. त्यांचे पालक आपल्याकडे येऊन विचारतात, ‘डॉक्टरसाहेब, मुलीचा हात थरथरतो, एखादी गोळी द्याल का?’ किंवा ‘चष्मा बदलावा का?’ अशा वेळी प्रश्नाचे स्वरूप माहीत नसलेला डॉक्टर नकळत मुलाचे नुकसान करू शकतो. ते कसे, हे पुढे येईलच.

पाव मिलिमीटरचा प्रश्न

प्रथम थोडी भूमिती. पिस्तुलाच्या नळीच्या टोकाशी जो छोटा उभा खांब असतो त्याला आपण माशी म्हणू, आणि मागच्या बाजूला जी चौकोनी फट असते तिला खाच. खाचेच्या बरोबर मध्यभागी माशी दिसावी, तिच्या दोन्ही अंगांना सारखाच उजेड दिसावा आणि दोहोंचे माथे एका रेषेत यावेत, म्हणजे पिस्तूल सरळ रोखले गेले असे समजावे.

माशी आणि खाच यांमधील अंतर एअर पिस्तुलात साधारणतः ३२ सेंटिमीटर धरू. लक्ष्य दहा मीटरवर, म्हणजे या अंतराच्या सुमारे ३१ पट दूर. याचा अर्थ असा की खाचेच्या मध्यापासून माशी एक मिलिमीटर जरी सरकली, तरी कागदावर छर्रा सुमारे ३१ मिलिमीटर दूर लागतो. दहा गुणांचे वर्तुळ केवळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते आणि छर्रा ४.५ मिलिमीटरचा. वर्तुळाच्या रेषेला छर्‍याची कड शिवली तरी गुण मिळतो. म्हणून छर्‍याचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत असला की दहा गुण पदरात पडतात. आठाला एकतीसने भागल्यास उत्तर येते पाव मिलिमीटर. माशी खाचेत पाव मिलिमीटर इकडची तिकडे झाली की दहाचे नऊ होतात, आणि एक मिलिमीटर झाली की थेट सात.

आता दुसरी बाजू पाहा. माशी आणि खाच परस्परांशी अचूक जुळलेली आहेत, परंतु संपूर्ण हातच पाच मिलिमीटर डावीकडे सरकला आहे. पिस्तूल स्वतःशी समांतर राहिल्यामुळे छर्राही फक्त पाच मिलिमीटरच डावीकडे जाईल आणि गुण तरीही दहाच मिळतील. नेमबाजीतील सर्वांत महत्त्वाचे तत्त्व हेच. हाताचे डोलणे क्षम्य आहे. मनगटाचे वळणे क्षम्य नाही. पहिल्या दोषात चूक जेवढ्यास तेवढी राहते, दुसर्‍या दोषात ती एकतीसपटीने वाढते.

आकाराने लहान पिस्तूल वापरणे अवघड का, याचेही उत्तर येथेच मिळते. २५ मीटरच्या स्पर्धेतील ०.२२ बोअरच्या पिस्तुलात माशी व खाच यांमधील अंतर जास्तीत जास्त २२ सेंटिमीटर असू शकते. खिशात मावणार्‍या आखूड पिस्तुलात ते बारा-तेरा सेंटिमीटरवर येते. साडेबारा सेंटिमीटर धरले, तर दहा मीटरवर चूक ८० पट आणि २५ मीटरवर २०० पट होते. त्यातच हत्यार हलके, चाप मात्र जड. जेथे चाप ओढण्यास लागणारा जोर हत्याराच्या वजनाच्या कितीतरी पट असतो, तेथे बोटाबरोबर अख्खे पिस्तूल वळणे ओघानेच येते. मूठही आखूड असल्यामुळे करंगळीला टेकायला जागा उरत नाही. म्हणून लहान पिस्तुलाबद्दलची ‘हे खालीच मारते’, ‘हे डावीकडेच मारते’ अशी तक्रार बहुतेक वेळा पिस्तुलाची नसून, त्याने मोठ्या करून दाखविलेल्या हाताच्या दोषाची असते.

इतिहास आणि तपासणी: एका गोळीवरून निदान नको

रक्तदाबाचे एकच मोजमाप घेऊन आपण कोणाला आयुष्यभराचे औषध सुरू करीत नाही. एका गोळीवरून पिस्तुलाचा निकालही लावू नये. पाच-पाच गोळ्यांचे चार गट, शक्य तर दोन वेगवेगळ्या दिवशी, निरनिराळ्या कागदांवर मारावेत. मग प्रत्येक गटाविषयी दोन प्रश्न विचारावेत. गट किती पसरला आहे? आणि गटाचा मध्य केंद्रापासून किती सरकला आहे?

हे दोन प्रश्न सर्वस्वी भिन्न आहेत. प्रयोगशाळेतील उपकरणाच्या बाबतीत आपण जो सुसंगती आणि अचूकता यांतील भेद करतो, तोच हा भेद. गट छोटा पण एका बाजूला असेल, तर कोठे तरी कायमस्वरूपी, एकाच दिशेने काम करणारे कारण आहे. गट मोठा पण केंद्राभोवती सारखा विखुरलेला असेल, तर कारण अनियमित आहे: हाताचा कंप, कच्ची पकड, दमलेला डोळा किंवा छर्‍यांचा दर्जा. गट मोठाही आणि सरकलेलाही असेल, तर दोन रोग एकत्र नांदत आहेत असे समजून प्रथम पसारा कमी करावा, मगच मध्याचा विचार करावा.

गोळ्या किती हव्यात, यामागे साधे संख्याशास्त्र आहे. एखाद्या नेमबाजाच्या गोळ्यांचा प्रमाणित विचलनांक १० मिलिमीटर असेल, तर पाच गोळ्यांच्या मध्यबिंदूत सुमारे साडेचार मिलिमीटरची अनिश्चितता राहते. वीस गोळ्यांत ती सव्वादोनवर येते. पाच गोळ्यांचा मध्य चार मिलिमीटर सरकलेला दिसला म्हणून पेचकस हाती घेणे हे अविचाराचेच काम होय.

इतिहासात आणखी एक प्रश्न चुकता कामा नये: ‘तुम्ही नेम नेमका कोठे धरता?’ पिस्तुलाचे बहुतेक स्पर्धक काळ्या वर्तुळाच्या मध्यावर नेम धरीत नाहीत. काळ्यावर काळी माशी दिसत नाही, म्हणून ते काळ्याच्या खालच्या पांढर्‍या पट्ट्यात नेम धरतात आणि खाच अशी बसवून घेतात की छर्रा वर, केंद्रातच जावा. दहा मीटरच्या लक्ष्यावरील काळे वर्तुळ ५९.५ मिलिमीटर व्यासाचे असते. म्हणजे नेमाचा बिंदू आणि लागण्याचा बिंदू यांत तीन सेंटिमीटरहून अधिक अंतर मुद्दाम ठेवलेले असते. काळ्याच्या मध्यावर नेम धरण्याची सवय असलेल्याने असे पिस्तूल हाती घेतले, तर ‘हे वर मारते’ अशी तक्रार तो करणारच. येथे रोग नाही. दोघांची प्रकृती वेगळी, एवढेच.

संभाव्य कारणे: पाच घरांची तपासणी

*पहिले घर, हत्यार.* माशीचा किंवा खाचेचा स्क्रू सैल होणे, मूठ नळीच्या सांगाड्यावर हलणे, नळीच्या तोंडाची कड ठेचलेली असणे, नळीत शिसे साचणे, एअर पिस्तुलाच्या नळकांड्यातील दाब उतरणे, ही सर्वसामान्य कारणे. यंत्र कधीच बिघडत नाही, असे समजू नये. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये दहा मीटरच्या पात्रता फेरीत मनू भाकर यांच्या पिस्तुलाचा इलेक्ट्रॉनिक चाप बिघडला, दुरुस्तीत मौल्यवान मिनिटे गेली, आणि ५७५ गुणांसह त्या बाराव्या राहिल्या. यंत्रदोष असा खरोखर घडतो. पण तो तपासून सिद्ध करावा लागतो, गृहीत धरता येत नाही.

*दुसरे घर, छर्रा किंवा काडतूस.* एकाच कंपनीच्या दोन खेपांतील छर्रे एकाच नळीतून वेगवेगळे गट देतात. बारुदाच्या पिस्तुलात एक उलटा वाटणारा नियम आढळतो: जवळच्या अंतरावर जड आणि संथ गोळी हलक्या व वेगवान गोळीपेक्षा बहुधा वर लागते. कारण ती नळीत किंचित अधिक काळ राहते आणि तेवढ्यात धक्क्याने नळीचे तोंड उचलले गेलेले असते. काडतूस बदलले की गोळीची जागाही बदलते, हे म्हणून ध्यानात ठेवावे.

*तिसरे घर, डोळा.* द्रौपदीस्वयंवरातील आणि द्रोणाचार्यांच्या परीक्षेतील अर्जुन आपल्या सर्वांच्या मनात ठसलेला आहे. पक्ष्याच्या डोळ्याशिवाय त्याला काहीच दिसले नाही. पिस्तुलाच्या बाबतीत मात्र हा आदर्श उलटा करावा लागतो! डोळ्याचे भिंग एका वेळी एकाच अंतरावर नीट जुळते. माशी, खाच आणि लक्ष्य या तिहींपैकी स्पष्ट दिसायला हवी ती माशी. लक्ष्य धूसर दिसले तरी चालते. वर पाहिलेली भूमिती याचे कारण सांगते: लक्ष्यावरील चार-पाच मिलिमीटरचा अंदाज चुकला तर तेवढेच बिघडते, माशीतील एक मिलिमीटर चुकला तर एकतीस बिघडतात. नवशिका नेमबाज शेवटच्या क्षणी ‘लागली का?’ म्हणून लक्ष्याकडे पाहतो, आणि त्याच क्षणी माशी खाचेत हलते.

चाळिशीनंतर माशी धूसर दिसू लागणे हे वयोमानाचे लक्षण. माशी डोळ्यापासून जवळपास हातभर लांब असते. तेव्हा वाचण्याचा चष्मा येथे निरुपयोगी, आणि दूरचा अपुरा. दूरच्या नंबरात साधारणतः +०.५० ते +०.७५ मिळविलेले एकेरी भिंग पुष्कळांना सोयीचे पडते. अंतिम नंबर हाती पिस्तूल धरल्याच्या स्थितीत तपासूनच ठरवावा. प्रोग्रेसिव्ह किंवा दुहेरी चष्म्यातून नेम धरणारा माणूस स्पष्टतेच्या शोधात मान वरखाली करतो आणि प्रत्येक गोळीला त्याची दृष्टिरेषा बदलते. शिवाय कोणता डोळा प्रबळ आहे हेही पाहावे. उजव्या हाताने पिस्तूल धरणार्‍याचा डावा डोळा प्रबळ असणे हा दोष नव्हे. पण दोन्ही डोळे उघडे असताना मेंदू मध्येच एका डोळ्याचे चित्र सोडून दुसर्‍याचे पकडू लागला, तर गोळ्या आडव्या पसरतात. नेम न धरणार्‍या डोळ्यासमोर छोटा पडदा लावणे हा यावरचा सोपा आणि नियमांत बसणारा उपाय. पडद्याची रुंदी मात्र ३० मिलिमीटरपेक्षा अधिक असू नये.

*चौथे घर, हात.* सर्वाधिक रुग्ण याच घरात सापडतात. तर्जनीने चाप सरळ मागे ओढायचा आणि बाकीची बोटे, अंगठा व मनगट जसेच्या तसे ठेवायचे, एवढीच अपेक्षा असते. पण शरीररचनेला ती सोयीची नाही. मधले बोट, अनामिका आणि करंगळी यांच्या खोल आकुंचक स्नायूचे पोट बव्हंशी सामाईक आहे. तर्जनीचा भाग बराचसा स्वतंत्र असला तरी पूर्ण स्वतंत्र नाही, आणि मज्जासंस्थेची आज्ञाही एकाच बोटापुरती मर्यादित राहत नाही. तर्जनी सावकाश दाबली तर बाकीची बोटे स्थिर राहू शकतात. झटक्याने दाबली तर सारी मूठच आवळते. उजव्या हाताची मूठ आवळली की नळीचे तोंड खाली आणि डावीकडे झुकते. म्हणून उजव्या हाताच्या नेमबाजाचा गट घड्याळातील सात-आठच्या दिशेला सरकलेला दिसला, तर पहिला संशय ‘चाप झटकणे’ या दोषाचा घ्यावा.

नेमबाजीच्या वर्गांत एक चक्राकार तक्ता भिंतीवर लावलेला असतो. एका हाताने पिस्तूल धरणार्‍या उजव्या नेमबाजासाठी तो साधारणतः असे सांगतो: सरळ खाली, तर धक्क्याच्या भीतीने मनगट पुढे ढकलले, वर, तर तळहाताच्या बुडाने रेटले, डावीकडे, तर चापावर बोटाचे केवळ टोक ठेवले, उजवीकडे, तर बोट फार आत घातले किंवा अंगठ्याने दाबले. डावखुर्‍यासाठी हे चित्र आरशातल्याप्रमाणे उलटे होते. पिस्तूल डावीकडे कलले असेल, तर गोळीही डावीकडे आणि किंचित खाली जाते. हा तक्ता उपयुक्त आहे; पण तो संभाव्य निदानांची यादी आहे, निदान नव्हे. दोन हातांनी पिस्तूल धरणार्‍याला तो जसाच्या तसा लागू पडत नाही, आणि खाचच चुकीची बसविलेली असेल तर निर्दोष हाताचा गटही सात-आठवर जाऊ शकतो.

*पाचवे घर, मन.* स्फोट होणार हे मेंदूला ठाऊक असते, आणि धक्का येण्याआधीच तो स्नायूंना सावरून धरण्याची आज्ञा देतो. पापणी मिटते, खांदा पुढे येतो, मनगट खाली जाते. ही ‘दचक’ गोळी सुटण्याच्या क्षणाशी इतकी जुळलेली असते की धक्क्याच्या गोंधळात ती स्वतःला जाणवतच नाही. नेमबाज शपथेवर सांगतो, ‘मी हललो नाही’. आणि तो खोटे बोलत नसतो.

चाचण्या: स्वस्त आणि निरुपद्रवी आधी

निदानाचा क्रम आपल्या व्यवसायातल्यासारखाच ठेवावा. साधी, स्वस्त, निरुपद्रवी चाचणी प्रथम. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

पहिली चाचणी म्हणजे निरीक्षण: पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करून घेऊन सर्व स्क्रू, मूठ आणि नळीचे तोंड पाहावे. दुसरी, टेकू देऊन मारलेला गट: वाळूच्या पिशवीवर हात टेकवून दहा गोळ्या माराव्यात. गट केंद्रावर आला तर हत्यार निर्दोष. दोष उभे राहून मारण्याच्या क्रियेत आहे. गट तसाच सरकलेला राहिला, तर तिसरी चाचणी: त्याच पिस्तुलाने, त्याच छर्‍यांनी, नेम धरण्याची तीच पद्धत वापरणार्‍या एखाद्या जाणत्या नेमबाजाला मारू द्यावे. त्याचाही गट तेथेच गेला, तर खाच किंवा हत्यार दोषी. त्याचा केंद्रात गेला, तर नेमबाज. चौथी, छर्रे किंवा काडतुसे बदलून पुन्हा एक गट.

पाचवी चाचणी सर्वांत बोलकी आहे. एअर पिस्तुलात छर्रा न घालता, यंत्रातील सोय वापरून, पांढर्‍या कोर्‍या भिंतीसमोर केवळ चाप ओढावा. समोर लक्ष्यच नसल्याने डोळ्याला माशीशिवाय दुसरे काही पाहण्याजोगे उरत नाही. चाप सुटण्याच्या क्षणी माशी खाचेत हलली, तर दोष रंगेहाथ सापडला. बारुदाच्या पिस्तुलासाठी प्रशिक्षक मॅगझिनमध्ये नेमबाजाच्या नकळत एखादे निर्जीव काडतूस मिसळतात. त्या फेरीला धक्का नसतो, आवाज नसतो. पण नळी मात्र खाली झुकते! दचकेचे याहून निर्विवाद प्रमाण नाही. एक्स-रे पाहून रुग्णाला जसे पटते, तसे ते नेमबाजाला पटते. ही चाचणी प्रशिक्षकाच्या देखरेखीत आणि मैदानावरच करावी, हे सांगणे नलगे.

चुकीच्या उपायाची किंमत

समजा, सोळा वर्षांच्या एका उजव्या हाताच्या मुलीचा गट सातच्या दिशेला तीस मिलिमीटर सरकला आहे. घरच्यांच्या मते खाच वर आणि उजवीकडे सरकवली की झाले. नियमाप्रमाणे गोळी ज्या दिशेला न्यायची त्याच दिशेला खाच सरकवायची असते, माशी मात्र विरुद्ध दिशेला. तीस मिलिमीटरसाठी खाच सुमारे एक मिलिमीटर सरकवली की गट केंद्रात येतो. सगळे आनंदतात.

पण मूळ दोष चाप झटकण्याचा असेल, तर पुढे काय होते? ज्या दिवशी मुलगी शांतपणे, निर्दोष चाप ओढते, त्या दिवशी तिची उत्तम गोळी वर उजवीकडे सातच्या वर्तुळात जाते, आणि वाईट गोळी दहात! म्हणजे चांगल्या क्रियेला शिक्षा आणि वाईट क्रियेला बक्षीस. काही महिन्यांत दोष पक्का मुरतो. स्पर्धेच्या ताणाखाली झटक्याचा जोर बदलतो, गट पुन्हा सरकतो, आणि आता नवे पिस्तूल घेण्याचा विषय निघतो. निदान न झालेल्या पोटदुखीत वेदनाशामक देऊन लक्षण झाकण्यासारखेच हे आहे. खाच सरकवायची ती सर्वांत शेवटी, आणि तीही टेकू देऊन मारलेला गट व जाणत्या नेमबाजाचा गट या दोघांनी एकच साक्ष दिल्यावर.

डॉक्टरांसाठी विशेष सावधगिरी

आता हात थरथरण्याचा प्रश्न. प्रत्येक निरोगी हाताला सेकंदाला आठ ते बारा वेळा होणारा सूक्ष्म कंप असतोच. उपाशीपोटी, जागरणानंतर, अति चहा-कॉफीने, दम्यासाठी घेतलेल्या साल्ब्युटामॉलने किंवा थायरॉइडच्या अतिरेकाने तो वाढतो. त्यामुळे कंप नव्याने वाढला असेल, तर नाडी, वजन, थायरॉइड आणि चालू औषधे यांची चौकशी अवश्य करावी. परंतु एक गोष्ट निदानाच्या दृष्टीने मोलाची: कंपाने गट पसरतो, सरकत नाही. ज्याचा गट छोटा असून केंद्राबाहेर आहे, त्याचा रोग कंप हा नव्हेच.

येथेच खरा धोका आहे. कंप आणि धडधड कमी करण्यासाठी प्रोप्रॅनोलॉलसारखे बीटा-ब्लॉकर देणे आपल्याला सहजसुलभ वाटते. परंतु जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या यादीत नेमबाजीसाठी हा संपूर्ण औषधगट निषिद्ध आहे, आणि तो केवळ स्पर्धेच्या दिवशी नव्हे, तर स्पर्धेबाहेरही. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाचे पिस्तूलपटू किम जोंग-सू यांच्या नमुन्यात प्रोप्रॅनोलॉल आढळले आणि त्यांची रौप्य व कांस्य अशी दोन्ही पदके काढून घेण्यात आली. उच्च रक्तदाबासाठी दिलेले अ‍ॅटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल, अर्धशिशीसाठी दिलेले प्रोप्रॅनोलॉल, इतकेच काय, काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायचे टिमोलॉलचे थेंबही याच गटात मोडतात. म्हणून समोरचा रुग्ण स्पर्धात्मक नेमबाज आहे का, हे विचारणे डॉक्टरचे कर्तव्य ठरते. शक्य तेथे दुसर्‍या गटातील औषध निवडावे. आणि बीटा-ब्लॉकरला पर्यायच नसेल, तर उपचारार्थ सवलतीचा रीतसर अर्ज आणि त्याची मंजुरी यांविषयी खेळाडूला वेळेवर, लेखी सल्ला द्यावा. एका चिठ्ठीवर वर्षांची मेहनत वाहून जाऊ शकते.

उपचार

हत्यारातील दोष जाणकार कारागिराकडे न्यावा. घरी कानस किंवा हातोडी चालवू नये. डोळ्याचा दोष योग्य भिंगाने सुटतो. हाताचा आणि मनाचा दोष मात्र केवळ सरावाने सुटतो, आणि तो सराव बहुतांशी गोळीविना करायचा असतो. दररोज पंधरा-वीस मिनिटे कोर्‍या भिंतीसमोर, नजर माशीवर ठेवून, चाप इतका सावकाश ओढावा की तो नेमका केव्हा सुटला याचे स्वतःलाच नवल वाटावे. सुटल्यानंतरही एक-दोन सेकंद हात तसाच, नजर तशीच ठेवावी. छर्रा नळीतून बाहेर पडायला काही सहस्रांश सेकंद लागतात; त्या अवधीत हात खाली आला, तर सारे श्रम वाया. सहा-आठ सेकंदांत गोळी सुटली नाही, तर पिस्तूल खाली घ्यावे, श्वास घ्यावा आणि पुन्हा आरंभ करावा. ‘आत्ता जमले आहे, सोडूनच टाकू’ हा मोह आवरणे, यालाच नेमबाजीतील संयम म्हणतात.

प्रत्येक सरावानंतर वहीत चार ओळी लिहाव्यात: गटाचा पसारा, मध्याची दिशा, छर्‍याची खेप, उजेड आणि स्वतःची अवस्था. रुग्णाच्या केसपेपरप्रमाणे ही वही महिन्याभरात असे काही सांगू लागते, जे एका दिवसाच्या कागदावरून कोणालाच सांगता येणार नाही.

पालकांना शेवटी एवढेच सांगावेसे वाटते. मुलाची गोळी चुकली की ‘पिस्तूल वाईट’ किंवा ‘मुलाचा हात वाईट’ अशी दोनच उत्तरे घरात ऐकू येतात. आणि बहुतेक वेळा दोन्ही घाईची असतात. पहिल्याने पैसा वाया जातो, दुसर्‍याने मुलाचा उत्साह. या दोहोंच्या मध्ये निदानाची एक छोटी, शांत, पायरीपायरीने जाणारी वाट आहे. ती वाट आपल्या व्यवसायाला फार जुन्या काळापासून परिचित आहे. ती दाखविण्यासाठी डॉक्टरला स्वतः नेमबाज असण्याची गरज नाही. औषधाआधी कारण शोधण्याची आपली सवय दवाखान्याबाहेरही जागी ठेवली, म्हणजे पुरे.